पश्चिम आशियाचा तंटा आणि मध्यस्थाची कसोटी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



व्याख्यानमालेचे चिटणीस निमंत्रण घेऊन आले, तेव्हा विषयाची निवड त्यांनी उदारपणे आमच्यावर सोपविली होती. आम्ही 'इस्रायल आणि पॅलेस्टाइन' असे म्हणताच त्यांच्या मुद्रेवर जी चिंता उमटली, ती आम्ही अजून विसरलो नाही. "सर, उत्सवाचे वर्ष आहे, जरा हलकेफुलके..." एवढेच ते पुटपुटले. परंतु या मंडळाने पन्नास वर्षांत नाट्यप्रयोग, हळदीकुंकू आणि कोजागिरीच्या निमित्ताने पुष्कळ हलकेफुलके पाहिले आहे. एक संध्याकाळ जड विषयास दिली म्हणून ते खचणार नाही, अशी त्यांची समजूत घातली. चहा मात्र भाषणानंतर न ठेवता आधी ठेवावा, ही त्यांची अट आम्ही मान्य केली. आमची हयात येथील एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकविण्यात गेली. तंटा कसा मिटवावा हे वर्गात सांगणाऱ्याला निदान एवढी तडजोड तरी साधली पाहिजे.

हा विषय दिल्लीकरास दूरचा वाटण्याचे कारण नाही. तीन मूर्ती चौकातून आपण सारे शेकडो वेळा गेलो असू. तेथे उभे असलेले तीन पुतळे जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या संस्थानांच्या घोडदळांचे आहेत. त्यांपैकी जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा हे बंदर तुर्कांकडून जिंकून घेतले. २०१८ पासून त्या चौकाच्या नावात हैफा हा शब्दही आला आहे. ज्या भूमीसाठी आज दोन समाज झगडत आहेत, ती ब्रिटिशांच्या हाती पडावी म्हणून हिंदी सैनिकांनी रक्त सांडले. आणि पुढे तीस वर्षे त्या भूमीचे काय करावे हे ब्रिटिशांना सुचेना. आमच्या मते या तंट्याशी आपला पहिला संबंध येथूनच येतो.

दुसरा संबंध अधिक जिव्हाळ्याचा आहे. कोकणातील बेने इस्रायली आपल्याला ठाऊक आहेत. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज उतरले, अशी त्यांची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले, आणि ते नाव त्यांनी शतकानुशतके निमूटपणे वागविले. आडनावे गावावरून, बोली घरची मराठी, आणि नवसाला मलिदा. त्यांच्यात मराठी कीर्तनेदेखील होत असत. इस्रायलची स्थापना १९४८ मध्ये झाल्यावर यांतील बहुसंख्य तिकडे गेले आणि डिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा अशा गावी वसले. तेथे त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले. महाराष्ट्राबाहेर राहून आपणही स्मरणिका छापतो. तेव्हा त्या नावातली ओढ आपल्याला कोणी समजावून सांगावयास नको.

परंतु ज्या देशास ते आपले म्हणून गेले, त्याने त्यांचे स्वागत कसे केले? १९६०च्या सुमारास तेथील धर्मपीठाने त्यांच्या शुद्धतेविषयी शंका काढली आणि विवाहापूर्वी कित्येक पिढ्यांची चौकशी करण्याची आज्ञा दिली. ज्यांना कोकणात कोणी कधी 'तुम्ही यहुदी नव्हे' असे म्हटले नव्हते, त्यांना यहुद्यांच्या राज्यात तो प्रश्न विचारला गेला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये या मंडळींनी ठिय्या दिला. अखेर संसदेने ते सर्व बाबतींत समान आहेत असा ठराव केला आणि धर्मपीठास माघार घ्यावी लागली. हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगितला. कोण आपला आणि कोण परका, या प्रश्नाने त्या भूमीत केवळ अरब आणि ज्यू यांच्यातच भिंत घातलेली नाही. त्या प्रश्नाची धग आपल्या रायगड जिल्ह्यातील माणसांनाही लागली आहे.

आता मूळ तंट्याकडे वळू. तो धर्माचा आहे, हजारो वर्षांचा आहे, म्हणून सुटणारच नाही, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आमचे मत तसे नाही. तो मुख्यतः विसाव्या शतकातला, जमिनीचा आणि राज्याचा तंटा आहे. युरोपात छळ सोसलेल्या आणि हिटलरच्या संहारातून उरलेल्या एका समाजाला कोठेतरी स्वतःचे राज्य हवे होते. आणि ज्या भूमीत ते मागितले गेले, तेथे दुसरा समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदत होता. दोघांच्याही म्हणण्यात सत्य आहे. एकाच्या म्हणण्यात खोटेपणा असता तर प्रश्न केव्हाच सुटला असता.

१९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने अकरा देशांची समिती नेमली. तीत भारत होता. सात देशांनी फाळणीची शिफारस केली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया या तिघांनी मात्र एकच संघराज्य असावे असा वेगळा अहवाल दिला. त्याच उन्हाळ्यात आइन्स्टाइनने नेहरूंना पत्र लिहून ज्यू राज्याला पाठिंबा मागितला होता. नेहरूंनी ज्यूंविषयी मनापासून सहानुभूती दाखविली, पण अरबांच्या हक्कांवर पाणी सोडून तो पाठिंबा देता येणार नाही, अशा आशयाचे उत्तर धाडले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी आमसभेने ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणी मान्य केली. दहा देश तटस्थ राहिले. भारताचे मत विरोधात पडले.

या मतदानाविषयी आम्हांस नेहमी एक गोष्ट खटकत आली आहे. ज्या महिन्यांत आपण स्वतःच्या देशाची फाळणी स्वीकारली, त्याच महिन्यांत दुसऱ्यांना सांगितले की फाळणी करू नका, एकत्र नांदा. यात ढोंग होते असे आम्ही म्हणत नाही. हात पोळलेला मनुष्य दुसऱ्याला विस्तवापासून दूर राहा असे सांगतो, त्यातला हा प्रकार. तथापि ज्या संघराज्याला ज्यू नको म्हणत होते आणि अरबही नको म्हणत होते, ते कागदावर कितीही सुंदर असले तरी त्याचा उपयोग काय? पुढे युद्ध झाले. सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरे सोडून परागंदा झाले. अरब देशांतूनही लाखो ज्यूंना पुढील काळात निघावे लागले. लाजपतनगरात आमच्या शेजारी लायलपूरहून आलेले एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांच्या ट्रंकेत तिकडच्या घराची किल्ली होती. सणावारी ते ती काढून पुसून ठेवीत. पॅलेस्टिनी निर्वासितांच्या घरीही अशा किल्ल्या जपल्या जातात, हे पुढे वाचनात आले, तेव्हा आम्हांस प्रथम ते शेजारी आठवले. भेद इतकाच की त्या गृहस्थांना राहावयास दुसरे घर, मतदानाचा हक्क आणि एक देश मिळाला होता.

या तंट्यात आजवर एक मोठा समेट टिकला आहे, आणि तो कसा घडला हे पाहण्यासारखे आहे. तो म्हणजे इजिप्त आणि इस्रायल यांचा. १९६७ च्या युद्धात इस्रायलने सिनाईचे वाळवंट जिंकले होते. नोव्हेंबर १९७७ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष सादात स्वतः जेरुसलेमला गेले. तरी बोलणी पुढे सरकेनात. मग अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांना मेरिलँडच्या डोंगरातील कॅम्प डेव्हिड येथे बोलाविले. या कार्टरसाहेबांचे आपल्याशी थोडे नाते आहे. त्यांच्या मातोश्री लिलियन यांनी उतारवयात मुंबईच्या विक्रोळीत परिचारिका म्हणून काम केले होते; आणि जानेवारी १९७८ मध्ये ते स्वतः गुडगावजवळच्या दौलतपूर नसीराबादला येऊन गेले, म्हणून ते गाव कार्टरपुरी झाले. डिसेंबर २०२४ मध्ये शंभराव्या वर्षी ते निवर्तले.

५ सप्टेंबर १९७८ ला बैठक सुरू झाली. पहिल्या दोन-तीन दिवसांतच सादात आणि बेगिन एकमेकांवर असे कडाडले की त्यांना समोरासमोर बसविण्यात अर्थ नाही, हे यजमानाने ओळखले. तेथून पुढे कार्टर एका झोपडीतून दुसऱ्या झोपडीत हिंडू लागले. 'तुमची मागणी काय' हे विचारणे त्यांनी सोडून दिले. अमेरिकनांनी स्वतः एक मसुदा लिहिला, दोघांना दाखविला आणि कोठे बोचते तेवढे सांगा असे म्हटले. आक्षेप ऐकून तो दुरुस्त केला, पुन्हा दाखविला. असे तेवीस मसुदे झाले. दुसऱ्याचे म्हणणे मान्य करणे म्हणजे हार, ही जी अढी भांडणात असते, ती या युक्तीने सैल पडते. कारण कागद ना याचा असतो ना त्याचा. आपल्याकडे वाटणीच्या भांडणात मामाला बोलावीत, तो हेच करी. दोघा भावांना दोन खोल्यांत बसवून स्वतः माजघरातून येरझारा घाली.

सिनाईचा तिढा वरवर पाहता न सुटणारा होता. सादात म्हणत, तसूभरही जमीन सोडणार नाही. बेगिन म्हणत, सर्व परत देणार नाही. नकाशावर रेघ कोठेही ओढली तरी एक जण नाही म्हणणार. पण जमीन कशासाठी हवी, असे विचारले की उत्तरे निराळी येत. इजिप्तला हवे होते स्वामित्व आणि मान. इस्रायलला हवी होती निश्चिंती, की पहाटे उठून पाहिले तर सीमेवर रणगाडे नसावेत. तेव्हा सारी जमीन इजिप्तची, परंतु तिच्या मोठ्या भागात इजिप्तने जड सैन्य आणू नये, असे ठरले. जे विमानतळ सोडावे लागणार, त्यांच्या बदली नेगेवमध्ये दोन नवे बांधून देण्यास अमेरिका साह्य करील असेही ठरले. वसाहती उठविणार नाही अशी शपथ बेगिन यांनी घेतली होती. म्हणून तो निर्णय संसदेवर सोपविण्यात आला. संसदेने ८४ विरुद्ध १९ मतांनी संमती दिली. शपथही राहिली आणि काम झाले.

तरीही अकराव्या दिवशी सादात यांनी सामान बांधले होते. कार्टरनी त्यांना कसेबसे थांबविले. शेवटच्या दिवशी जेरुसलेमविषयीच्या एका पत्रावरून बेगिन रुसले. बेगिन यांनी नातवंडांसाठी तिघांच्या छायाचित्रावर सही मागितली होती. कार्टरनी प्रत्येक नातवंडाचे नाव निराळे लिहून त्या प्रती स्वतः नेऊन दिल्या. बेगिन एकेक नाव मोठ्याने वाचू लागले आणि त्यांचा आवाज कापू लागला, असे कार्टर यांनी लिहून ठेवले आहे. छायाचित्रांमुळे राष्ट्रे तह करतात असे आम्ही विद्यार्थ्यांना कधी शिकविले नाही आणि आजही म्हणणार नाही. परंतु तेरा दिवस राबलेल्या मध्यस्थाने चिटणिसाकडून नातवंडांची नावे मागवून घ्यावी, यात त्याच्या कामाची जात दिसते. १९८२ च्या एप्रिलमध्ये सिनाई रिकामे झाले. त्यापूर्वी, ६ ऑक्टोबर १९८१ रोजी, सादात यांनी या तहाची किंमत प्राणांनी मोजली होती. तह मात्र टिकला. पुढील कित्येक युद्धांतही तो मोडला नाही.

पण त्याच कॅम्प डेव्हिडमध्ये दुसराही एक कागद झाला होता. तो पश्चिम किनारा आणि गाझा येथील पॅलेस्टिन्यांना पाच वर्षांची स्वायत्तता देण्याविषयी होता. तो कागदच राहिला. कारण उघड आहे: ज्यांच्याविषयी तो होता, ते त्या डोंगरावर नव्हतेच. शिवाय नव्या वसाहती थांबविण्याचे वचन स्वायत्ततेच्या वाटाघाटी चालू असेपर्यंतचे असे कार्टर समजत होते, तर आपण तीनच महिन्यांचे दिले असे बेगिन म्हणाले. एका शब्दाची लेखी खातरजमा राहून गेली.

पॅलेस्टाइन मुक्ती संघटना प्रत्यक्ष मेजावर आली ती १९९३ मध्ये, नॉर्वेतील गुप्त बोलण्यांतून. प्रारंभी तर इस्रायलच्या बाजूने दोन प्राध्यापकच होते (आमच्या व्यवसायबंधूंच्या हातून क्वचित असेही काही घडते). परस्परांना मान्यता मिळाली आणि १३ सप्टेंबर १९९३ ला वॉशिंग्टनमध्ये राबिन आणि अराफत यांनी हस्तांदोलन केले. परंतु सीमा, जेरुसलेम, निर्वासित आणि वसाहती हे चारही अवघड प्रश्न पुढे ढकलण्यात आले. आधी विश्वास वाढेल, मग कठीण गोष्टी बोलू, ही कल्पना. झाले उलट. पुढे ढकललेल्या प्रश्नांनी त्या पाच वर्षांत विश्वासच खाऊन टाकला. १९९५ च्या करारात पश्चिम किनाऱ्याचे तीन प्रकारचे तुकडे पडले. साठ टक्के भूमी संपूर्णपणे इस्रायली ताब्यात राहिली. तेथील वसाहतवासी, पूर्व जेरुसलेम सोडून, १९९३ मध्ये सुमारे १ लाख १० हजार होते. ते आता पाच लाखांवर गेले आहेत. दुसऱ्या बाजूने हमासने बसगाड्यांत स्फोट घडविले, आणि समेट म्हणजे मरण असे सामान्य इस्रायली माणसाला वाटू लागले. हेब्रॉनमध्ये एका इस्रायली वसाहतवाल्याने २९ मुसलमानांना नमाज पढताना ठार केले. राबिन यांना ४ नोव्हेंबर १९९५ रोजी मारणारा तरुणही ज्यूच होता. सादात आणि राबिन दोघेही आपापल्याच माणसांच्या गोळ्यांनी गेले.

पुढचे थोडक्यात सांगतो. २००० मध्ये कॅम्प डेव्हिडला पुन्हा बैठक झाली आणि फिसकटली. २००२ मध्ये अरब राष्ट्रांनी बैरूतमध्ये प्रस्ताव मांडला. २००५ मध्ये इस्रायलने गाझा सोडला आणि २००७ मध्ये तो हमासच्या हाती गेला. मग ७ ऑक्टोबर २०२३ उजाडला. हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस नेले. त्यानंतर दोन वर्षे गाझावर जे युद्ध झाले, त्यात ऑक्टोबर २०२५ च्या शस्त्रसंधीपर्यंत तेथील आरोग्य खात्याच्या मोजणीप्रमाणे ६७ हजारांवर माणसे मेली; शहरेच्या शहरे भुईसपाट झाली. या दोन वाक्यांपैकी एकच उच्चारावयाचे आणि दुसरे गिळावयाचे, अशी प्रथा पडली आहे. आमच्या नातवंडांत याच कारणावरून जेवणाच्या टेबलावर अबोला झाला.

भारताने काय केले? आपण इस्रायलला १७ सप्टेंबर १९५० रोजी मान्यता दिली, पण दूतावास दिला नाही. चाळीस वर्षे त्या देशाचे एकच कार्यालय भारतात होते, आणि तेही आपल्या मुंबईत. मंडळ स्थापन झाले त्याच सुमारास, १९७५ मध्ये, पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचे कार्यालय दिल्लीत उघडले. १९७७ मध्ये इस्रायलचे परराष्ट्रमंत्री दायान वेष पालटून गुपचूप येथे आले आणि मोरारजीभाईंना भेटून रिकाम्या हाताने गेले. १९८८ मध्ये आपण पॅलेस्टाइन राष्ट्राला मान्यता दिली; २९ जानेवारी १९९२ ला इस्रायलशी पूर्ण संबंध जोडले. चाळीस वर्षे एका दाराला कडी लावून बसल्याने आपण पॅलेस्टिन्यांचे काही भले केले असे आम्हांस वाटत नाही. ज्याचे एकाच पक्षाकडे जाणे-येणे, त्याला मध्यस्थ कोण म्हणणार? पण संबंध जोडल्यावर त्यांचा उपयोग स्पष्ट बोलण्यासाठी झाला पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्धविरामाच्या ठरावावर आपण तटस्थ, डिसेंबरमध्ये ठरावाच्या बाजूने, जून २०२५ मध्ये पुन्हा तटस्थ, आणि सप्टेंबरमध्ये दोन राष्ट्रांच्या तोडग्याला पाठिंबा, अशी आपली मते पडली. कधी मसुद्याच्या शब्दांचे कारण सांगण्यात आले. ते कारण खोटे नसेलही. परंतु दोघांशी मैत्री असणाऱ्याचा आवाज याहून सुसूत्र ऐकू यावा, अशी आमची अपेक्षा होती.

एका बाबतीत मात्र भारताचा अनुभव कोणापेक्षाही कमी नाही. सुएझच्या युद्धानंतर, १९५६ पासून १९६७ पर्यंत, गाझा आणि सिनाईच्या सीमेवर संयुक्त राष्ट्रसंघाची जी सेना होती, तीत भारतीय पलटणी होत्या. जनरल ग्यानी आणि जनरल रिखी यांनी तिचे सेनापतित्वही केले. ती सेना इजिप्तच्या बाजूलाच उभी होती, कारण इस्रायलने आपल्या हद्दीत तिला पाय ठेवू दिला नाही. मे १९६७ मध्ये नासेर यांनी निघून जा म्हटले, आणि तिला निघावे लागले. ती निघण्यापूर्वीच युद्ध भडकले आणि आपले काही जवान गाझात मारले गेले. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी सुरक्षा समितीने ठराव २८०३ ने गाझासाठी नव्या आंतरराष्ट्रीय सेनेला संमती दिली. आपले सैनिक तेथे जावेत काय, असे उद्या कोणी विचारले तर आमचे उत्तर असे राहील: दोन्ही बाजूंची लेखी संमती असेल, कोणा एकाच्या हुकुमावर निघावे लागणार नसेल, आणि पलीकडच्या कागदावर पॅलेस्टिन्यांचीही सही असेल, तर अवश्य जावेत. यांतील एकही गोष्ट नसेल तर १९६७ चा जून आपल्या सेनेच्या दफ्तरी आहे. तो काढून पुन्हा वाचावा.

चिटणीस घड्याळाकडे पाहत आहेत. चहा होऊन गेला आहे, तेव्हा प्रश्नांना भरपूर वेळ आहे.